खांबाला सूर विचारणारे मनोहरभाऊ

तुम्ही सूर कुणाकडून घेता? पेटीकडून, तंबोऱ्याकडून, की वरून कुणी सांगेल त्याच्याकडून? आमच्या पाचपावलीतले मनोहरभाऊ सूर घ्यायचे विजेच्या डीपीकडून.

मोहल्ल्याची डीपी, म्हणजे खांबावरचा ट्रान्सफॉर्मर, त्यांच्या अंगणाला लागून होती. तिची घूंऽऽ दिवसभर चालायची. मनोहरभाऊ इलेक्ट्रिक गिटार घेऊन अंगणात यायचे, मान वाकडी करून ऐकायचे आणि खुंट्या पिळायचे. "पहिले खांबाले विचाराचं, मंग वाजवाचं." नळावर पाणी भरणाऱ्या बाया म्हणायच्या, "आले वं, आरतीले आले!" उन्हाळ्यात साऱ्या नागपूरचे कूलर सुरू झाले की डीपीचा सूर जरा बसायचा. मग मनोहरभाऊंचा अख्खा बँड तेवढाच खाली बसायचा.

बँडचं नाव 'भट्टी'. साठचं दशक संपता संपता त्यांनी तो काढला. गिटार घरच्याच सागवानी दारातून कापून केली होती. त्यांच्या आईनं पुढची तीन वर्षं दाराच्या जागी गोणपाट लावून काढली. आवाज असा, की एका वरातीत घोडी उधळली ती नवरदेवासकट कन्हानच्या रस्त्याला लागली. मनोहरभाऊ हा किस्सा फार अभिमानानं सांगत. "घोडीले समजलं गा. मानसाले टाइम लागते."

गायचा देवाजी. कापड मिलमध्ये मागावर काम करणारा, मनोहरभाऊंचा शाळेपासूनचा दोस्त. मी युनियनच्या पत्रकांवर वाढलेला. ज्या गाण्यातून काही मागणी निघत नाही ते गाणं मला फुकट वाटायचं. पण देवाजी मिलच्या भोंग्यावर, नळाच्या रांगेवर गायचा, आणि तो गायला लागला की माझ्या हातातलं पत्रक मिळमिळीत वाटायचं.

मग लग्नं झाली, पाळ्या बदलल्या, भट्टी बारा वर्षं विझली. परवा-परवा कॅसेटची दुकानं गल्लोगल्ली झाली तसे मनोहरभाऊ एका सकाळी माझ्या दारात उभे.

"तू पत्रकं लिहतं ना? मंग गानं काहून नाई लिहत? भट्टी पेटून राहिली पुन्हा. नवा आवाज राहीन या टायमाले!"

नवा आवाज म्हणजे त्यांची भाची सुषमा. कॉलेजात शिकणारी, जपानी कीबोर्डवाली. त्या डब्यातून ढोल, वारा, कारखाना, काहीही निघायचं. मी चार गाणी लिहून दिली. मनोहरभाऊंच्या अंगणातल्या टिनाच्या खोलीत तालीम सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी घोळ झाला. कीबोर्डचा सूर एक, डीपीचा दुसरा.

"मामा, यात खुंटी नाही. कारखान्यातून आला तसाच वाजतो."

"मंग मशीन बेसुरी हाय वं. खांब आपल्या जागी हाय."

सीताबर्डीच्या स्टुडिओत कॅसेट भरायला गेलो तेव्हा तर कहरच झाला. तिथे कीबोर्डच्या सुरात गायचं ठरलं आणि देवाजी ओळीमागून ओळ घसरत गेला. स्टुडिओवाले शेठ काचेमागून बाहेर आले. "भाईसाब, मशीन जापान की है. मशीन नहीं, गवैया बदलो. लडका मैं देता हूँ."

देवाजी शेठच्या तोंडाकडे बघत नुसता हसला. मनोहरभाऊंनी गिटार पेटीत घातली. "खांबाले विचारल्याबिगर भट्टी वाजत नाई," म्हणून सगळ्यांना घेऊन चालते झाले. शेठनं शनिवारपर्यंत मुदत दिली: नवा गायक आणा, नाहीतर कॅसेट रद्द.

मी पेटलो. एका माणसाच्या खांबाच्या खुळापायी बारा वर्षांनी आलेली संधी जाणार! अंधश्रद्धेवर मी कमी पत्रकं वाटली नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी तावातावानं त्यांच्या खोलीकडे गेलो. दारात देवाजी पाठमोरा उभा होता. हाक मारली. पुन्हा मारली. ओरडलो. त्यानं वळून पाहिलं नाही.

त्याचा उजवा तळहात डीपीकडच्या पत्र्याच्या भिंतीवर सपाट टेकलेला होता. डीपीच्या घूंनं तो पत्रा बारीक थरथरत होता. मनोहरभाऊंनी मान हलवून इशारा केला, देवाजीनं डोळे मिटले आणि गायला. एक केसभरही इकडेतिकडे नाही.

मनोहरभाऊ मला बाहेर घेऊन आले.

"वीस वर्सं मागाचा खडखडाट ऐकला त्यानं. कान गेले. बँड बंद झाला तो काहून वाटते तुले? पत्र्याले हात लावला की सूर भेटते त्याले, हे मागच्या साली समजलं मले. म्हनून तं भट्टी पेटवली पुन्हा."

"मग सांगितलं का नाही कुणाला?"

"सांगितलं असतं तं लोकं म्हनले असते, बहिरा गवई. त्याच्यापरीस मले पागल म्हनू दे ना. पागलाच्या बँडात बहिरा खपून जाते."

मी काखेतल्या गठ्ठ्यातून एक पत्रक काढून उलगडलं. मागखात्यातल्या कामगारांचे कान वाचवायची मी मागणी लिहिली होती, तिसऱ्या कलमात. ज्याचे कान गेले होते तो माझ्या शेजारी गात होता.

शनिवारी आम्ही स्टुडिओत गेलो ते एक पत्रा घेऊन. मनोहरभाऊंनी तो आपल्या जुन्या, डीपीच्याच सुरात घूंघूं करणाऱ्या ॲम्प्लिफायरला टेकवला. देवाजीनं त्यावर हात ठेवला. सुषमानं कीबोर्ड आधी टेपवर घेतला आणि टेपचा वेग थोडा कमी-जास्त करून तो त्या घूंच्या सुरात आणून बसवला. टेपवरच्या घूंला शेठ 'हम्' म्हणत; ते हातवारे करत राहिले, "हम् आ रहा है, हम् आ रहा है!" तिसऱ्या गाण्याला मात्र खुर्ची ओढून बसले.

निघताना देवाजीनं माझी वही मागून घेतली आणि स्वतःच्या हातानं लिहिलं: 'मागावर कान गेले माहे. लपवाचं काय त्याच्यात? लिहून टाक.' मनोहरभाऊ वाचून कितीतरी वेळ खुंट्याच पिळत बसले. गिटारीच्या तारा तर त्यांनी आवरताना केव्हाच उतरवल्या होत्या.

म्हणून हे लिहिलं. 'भट्टी'ची कॅसेट हाती आली, तर सुरुवातीच्या घूंला खराबी समजून बंद करू नका. आवाज मोठा करा, तळहात स्पीकरवर सपाट ठेवा, आणि पहिलं गाणं तरी हातानं ऐका.