एक मात्रा जास्त

बसा पावणं, गाडीला अजून येळ हाय. तवर कोडोलीच्या आण्णांची गोष्ट सांगतो. हसायचं असंल तर हसा, पर आण्णांचा जीव त्या दिवशी टांगणीला लागलता.

आण्णा म्हंजे केरबा दत्तू. सगळा मुलूख त्यांना के. डी. आण्णा म्हणतोय. त्यांची थोरली बहीण आक्का, राधानगरीला दिलेली. नऊ वर्षं बोलत नव्हती. कारण? तिच्या लेकाच्या, राजवर्धनच्या लग्नात आण्णा म्हणालं, "रस्सा पाणचट झालाय." खरंच झालता. पर हातातला माईक चालू हुता.

आता साठी आली. आण्णांना एकच पायजे हुतं, आक्कानं ओवाळाय यावं. फोन करायला मान वाकंना. म्हणून त्यांनी थेट राधानगरीच्या स्टँडवर वाढदिवसाचा फ्लेक्स लावायचं ठरवलं. शुभेच्छुक, समस्त मित्र परिवार. म्हंजे आण्णा सोताच.

फ्लेक्सवाल्या आदर्शनं कॉम्प्युटरवर अक्षर दाखवलं.

"नवा फॉन्ट हाय, आण्णा. उभी रेघ मनगटाएवढी जाड, आडवी केसाएवढी बारीक. आणि तिरका."

"तिरका का? अक्षर पडाय लागलंय की."

"पडत न्हाय, पळतंय! पर ह्यो मोठ्या नावालाच वापरायचा. खाली साधा टाकू."

"एका घरात दोन तऱ्हा नगंत. सगळं ह्यातच टाक."

तिथंच घात झाला. खालच्या शुभेच्छांच्या बारीक रेघा छापताना उडाल्या, लांबनं नुसत्या तिरक्या काठ्या दिसायच्या. वर आण्णांचा हात जोडलेला फोटो, भोवतीनं झेंडूची माळ. आणि 'के' वरच्या मात्रेला शोभेची एक शेपटी हुती, ती मातूर झकास छापली. एकाच्या दोन मात्रा झाल्या.

वाढदिवसाच्या सकाळी आक्काचं मालक बाळासो स्टँडवर च्या प्यायला गेलं. बोर्ड वाचला, टोपी काढली, च्या तसाच ठिवून घरला आलं.

"काय झालं वो?" आक्कानं विचारलं.

"के. डी.चा कै. डी. झाला."

आक्कानं तिथल्या तिथं जीप सांगाय लावली. सुतकाच्या घरात चूल पेटत न्हाय, म्हणून भावकीतल्या बायकांनी पिठलं-भाकरी बांधून दिली. जीपभर माणसं निघाली. फोन कुणी केला न्हाय. मेलेल्या माणसाला कोण फोन करतंय?

"बोर्ड लावला, पर मला कळवलं न्हाय," एवढंच आक्का वाटभर म्हणत हुती.

कोडोलीत दारात मांडव. आण्णा खुर्चीत, गळ्यात हार, कपाळाला गंध, वाट बघून बघून डोळा लागलेला. आक्कानं दारातनंच हेल काढला.

"केरबाऽऽ, मला टाकून गेलास रंऽऽ!"

आण्णांनी डोळा उघडला. "आक्का? आलीस व्हय?"

हेल मधीच तुटला. आक्का दोन पावलं म्होरं गेली आणि फाडदिशी कानाखाली वाजवली.

"जित्ता हाईस?"

"हाय की."

"मग चाललो मी. मेलास म्हणून आलतो."

पदर खोचून ती जीपकडं वळली. साठ वर्षांचा बाप्या, गालावर पाच बोटं, तसाच खुर्चीतनं उठला.

"आक्का," आण्णा म्हणालं, "मेलो समज. पर बस."

आक्का थांबली. मग माघारी आली, भाकरीचं गठुडं सोडलं आणि म्हणाली, "गिळ."

आत मटण शिजून तयार हुतं. आण्णांनी पिठलं-भाकरी खाल्ली, डोळं पुसत पुसत.

दुपारी आदर्श घाबरा होऊन आला. "चुकलं, आण्णा. उद्या साध्या अक्षरात नवा लावतो."

"हात लावशील तर बघ," आण्णा म्हणालं.

बोर्ड अजून तिथंच हाय. आक्का येता-जाता बघती, आणि दर रविवारी आण्णांना फोन लावती. "हाईस का गेलास?" म्हणून खात्री करून घेती. मग तासभर बोलत्यात.

तुम्ही राधानगरीच्याच गाडीला थांबलाय न्हवं? मग एवढं करा. उतरला की बोर्डाची डाव्या अंगाची दोरी बघा. वाऱ्यानं सैल झाली असंल, तेवढी गाठ घट्ट मारून जावा.