दत्तोबांचा टांगलेला ट्रंपेट

आमच्या शेजारच्या दत्तोबांनी आपला ट्रंपेट तुळईला सुतळीनं टांगला होता. हात पाठीमागे धरून ते त्याच्यापुढे उभे राहायचे आणि नुसते ओठ लावून फुंकायचे. जरा जोर दिला की ट्रंपेट झोका घेऊन पळायचा. मग दत्तोबा त्यालाच शिव्या हासडायचे. मी मास्तर माणूस, सकाळी वह्या तपासत बसलेला. भिंतीपलीकडच्या त्या पें-पेंनं माझं डोकं उठायचं.

एकदा भांडायलाच गेलो. "अहो, हे काय चालवलंय?"

"बसा की मास्तर. इतकी वर्सं वरातीच्या गोंगाटात आवाज काढायचा म्हणून ओठावर दाबत आलो. दाबून दाबून ओठ मेलं. आता वरचा सूर लावाय गेलं की कोंबडं कापल्यागत वरडतंय. टांगल्यावर दाबताच येत न्हाय. फुंक पोटातनंच काढाय लागती!"

भांडण राहिलं, चहा पिऊन आलो.

दत्तोबांची शिरोलीच्या फौंड्रीत नोकरी, लग्नसराईत बँड. बायको लवकर गेली. शालनला, एकुलत्या एका लेकीला, त्यांनीच वाढवलं. वैशाखात तिचं लग्न होतं आणि अक्षता पडताना वरचा सूर आपणच लावायचा, असं त्यांनी मनावर घेतलं होतं.

त्यासाठी या गृहस्थानं तांबडा रस्सा सोडला. कोल्हापुरात! तिखटानं ओठ सुजतात म्हणे. पंगतीत हा बाबा दहीभात कालवत बसायचा.

"पोट बिघडलंय काय, पावणं?" कुणीतरी विचारायचंच.

"पोट चांगलं हाय. ओठ बिघडल्यात."

पहिले दोन महिने नुसता खालचा सूर. "खालचा भरला की वरचा आपसूक येतोय," हे वर आम्हालाच ऐकवायचे. आत भाकरी थापता थापता शालन ओरडायची, "आण्णा, दाबलासा!" तिला न बघता कळायचं. दत्तोबा निमूट पुन्हा सुरुवात करायचे.

आणि लग्नात सूर लागला हो! अक्षता पडल्या आणि तो असा स्वच्छ वर चढला की भटजीसुद्धा मान वर करून बघायला लागले. मीही टाळ्या पिटल्या, खोटं कशाला बोलू? दत्तोबांचं तोंड लहान पोरासारखं फुललं होतं.

संध्याकाळी पाठवणी. शालन जीपमध्ये बसली, बँडवाले दत्तोबांकडे बघू लागले. त्यांनी ट्रंपेट ओठाला लावला. नुसती हवा आली. पुन्हा लावला, पुन्हा हवाच. ओठ थरथरत होते. मला बघवेना.

शालन जीपमधून उतरली. तिनं हळूच त्यांचा हात खाली घेतला.

"ऱ्हाऊ द्या, आण्णा. बाकीचे वाजवतील. तुमचं मी रोज ऐकलंय की."

"व्हय," दत्तोबा म्हणाले. "तू घरात हुतीस म्हणून तर वाजवत हुतो, पोरी. उद्या कुणासाठी वाजवू?"