जाधवअण्णांची गौरम्मा

जाधवअण्णा आठवड्यातून एकदा तरी आजारी पडतात, आणि तेही ऑफिसच्या कामासाठी.

आमची संस्था छोटी आहे. खेड्यातला दवाखाना आणि बेंगळुरातलं हॉस्पिटल अशी जोडी जमली की त्यांना पडदा, कॅमेरा, तपासणीची यंत्रं घ्यायला आम्ही अनुदान देतो. डॉक्टर इथे बसतो, पेशंट तिकडे, आणि तपासणी पडद्यावरून. यंत्र पारखायचं काम अण्णांचं. माहितीपत्रक ते उघडतसुद्धा नाहीत. खांद्यावरचा पंचा पदरासारखा डोक्यावर घेतात आणि कण्हत कॅमेऱ्यासमोर बसतात. ही त्यांची गौरम्मा. गौरम्माला गुडघेदुखी आहे, मोतीबिंदू आहे आणि दोन सुना आहेत. त्यांतल्या एकीशीही तिचं पटत नाही.

एकदा टाय लावलेला विक्रेता यंत्र घेऊन आला. "आजी, पडद्यावर बोट ठेवा," तो म्हणाला. गौरम्माने आधी बोट पदराला पुसलं, मग पडदा पुसला, मग पडद्याला नमस्कार केला. एवढ्या लाडाने यंत्र बंदच पडलं. अण्णांनी पंचा खाली घेतला. "सरी, यंत्र चांगलं आहे की. पण आजीला जमंल काय?"

हा प्रश्न ते मेट्रोच्या तिकिटाच्या मशीनलाही विचारतात आणि आमच्या नव्या लिफ्टलाही.

अण्णा बेंगळुरातल्याच चिकपेटचे. कितीतरी पिढ्या घराणं इथलंच, त्यामुळे त्यांच्या मराठीत कानडी मुरलेलं; 'बरं' म्हणायचं तिथे 'सरी' म्हणतात. मी पुण्याहून नोकरीसाठी आलेली. वयाने त्यांच्या मुलीसारखी, तरी मला ते "अक्का" म्हणतात. माझ्या आईची कंबर, भावाची बदली, सगळ्याची चौकशी करतात. स्वतःच्या घराबद्दल मात्र तोंडातून शब्द नाही. बायको, सावित्रीबाई, काही वर्षांपूर्वी गेल्या आणि मूलबाळ नाही, एवढं मला इतरांकडून कळलं होतं. कधी विचारलंच, तर गौरम्माच्या सुनांची भांडणं ऐकवत बसायचे. त्यात आमचा जेवणाचा डबाही संपून जायचा.

मागे होसकोट्याच्या पलीकडच्या एका गावातल्या दवाखान्याचं प्रकरण आमच्या अनुदान समितीपुढे आलं. यंत्रं उत्तम, जोडणी उत्तम; पण हॉस्पिटलची तक्रार अशी की कॉल लागतो आणि पेशंट कॅमेऱ्यासमोरून निघून जातो. डॉक्टर रिकाम्या खुर्चीकडे बघत बसतात. अध्यक्ष मॅडमनी ठरवलं की असंच चालणार असेल तर पुढचं अनुदान थांबवायचं आणि सगळी यंत्रं उचलून दुसऱ्या गावाला द्यायची. पण होसकोट्याकडच्या या गावाला दुसरा डॉक्टर नव्हता. अण्णा फार बेचैन झाले. "अक्का, चला. बघून तर येऊ."

आम्ही गेलो तेव्हा होन्नम्मा नावाच्या आजींची पाळी होती. लग्नाकार्यातली साडी नेसून आल्या होत्या. पडद्यावर डॉक्टर दिसले, तशा त्या हसल्या, उठल्या आणि चक्क घरी निघून गेल्या. थोड्या वेळाने स्टीलच्या तांब्यातून कॉफी घेऊन परत आल्या. पेला भरून पडद्यापुढे ठेवला. वाफेने कॅमेरा धुरकट झाला आणि डॉक्टर "हॅलो, हॅलो" करत राहिले.

"अहो आजी, डॉक्टर बेंगळुरात आहेत," तिथली सिस्टर कळवळून म्हणाली. हे ती रोज सांगत असणार.

"असू देत की. समोर आलेत ना? पाहुण्याने पाणीसुद्धा घेतलं नाही, आणि मी आपलं दुखणं कसं मांडू?"

आणि एकीने कॉफी दिली म्हटल्यावर दुसरी मागे कशी राहील? तिने चकल्या आणल्या. दवाखान्याच्या त्या टेबलावर केळ्यांची फणीसुद्धा होती. अण्णा इतके खूश झाले, की दोन चकल्या डॉक्टरांच्या वतीने त्यांनीच खाल्ल्या.

समितीच्या बैठकीत मी हे सगळं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "म्हणजे आता आपण कॉफीसाठी अनुदान द्यायचं?" सगळे हसले. खुलासा करायला होन्नम्मांना तपासणारे हॉस्पिटलचे तरुण डॉक्टर पडद्यावर हजर होते, तेही हसले. मला वाटलं, गेलं गाव हातचं.

अण्णा उठले. पंचा डोक्यावर घेतला आणि पडद्यासमोरच्या खुर्चीत बसले. पुढचं सगळं कानडीत झालं, मी ते मराठीत सांगते आहे.

"बोला आजी, काय त्रास होतोय?" डॉक्टरांनी विचारलं. गौरम्मा उठली आणि दाराबाहेर गेली. आम्ही सगळे रिकाम्या खुर्चीकडे बघत बसलो. बराच वेळ. मॅडमनी दोनदा घड्याळ बघितलं. मग दार किलकिलं करून गौरम्मा म्हणाली, "डॉक्टर, तुमच्याच टेबलावर कप आहे ना? तो उचला. मला दाखवा. एक घोट घ्या आणि म्हणा, कॉफी झाली."

डॉक्टरांनी कप उचलला, घोट घेतला. "झाली आजी. छान होती."

गौरम्मा तृप्त चेहऱ्याने बसली आणि तिच्या दुखण्यांना तोंड फुटलं. गुडघा, चक्कर, साखर, थोरली सून, धाकटी सून. हसून हसून मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टर मात्र आता रंगात आले होते. रोजच्या सवयीने त्यांनी विचारलं, "गोळ्यांची आठवण कोण करून देतं? घरी कोण असतं?"

गौरम्माकडे दोन सुना होत्या. उत्तर अगदी तयार होतं. पण अण्णा म्हणाले, तेही गौरम्माच्या आवाजात नाही, "कुणी नाही डॉक्टर. सावित्री होती तोवर ती द्यायची. आता राहून जातात."

समितीला वाटलं, हाही नाटकाचाच भाग. कुणीतरी "वा!" म्हणालं. डॉक्टरांनाही काही ठाऊक नव्हतं. ते पेशंटशी बोलावं तसंच बोलले. "असं करू नका. एकटं राहिलं की माणूस औषध विसरतो, जेवणही विसरतो. रोज कुणाशी तरी बोलत जा."

"सरी," अण्णा म्हणाले.

टाळ्या पडल्या. मॅडमनी तिथल्या तिथे पुढचं अनुदान मंजूर केलं आणि वर सांगितलं की ही घोटाची रीत सगळ्याच डॉक्टरांना शिकवा. होन्नम्माच्या गावाचा पडदा आता कुणी उचलणार नव्हतं. सगळे अण्णांची पाठ थोपटून बाहेर पडले. अण्णा त्याच खुर्चीत बसून होते, पंचा अजून डोक्यावरच.

"ठेवू का मग?" डॉक्टरांनी कॉल बंद करायला हात पुढे केला.

"राहू द्या की," अण्णा म्हणाले. "घाई नसेल तर."

डॉक्टरांनी त्यांच्याकडे नीट बघितलं. हात मागे घेतला आणि खुर्ची पडद्याजवळ ओढली. "नाही, घाई काही नाही. बोला."

मी माझ्या फायली उचलल्या आणि बाहेर येऊन दार हळूच लोटून घेतलं.