पटलेकाकांच्या सात्या

नामदेवराव पटले माणसांना अरे-तुरे करत आणि अळंबीला अहो-जाहो. स्टेशनमास्तरपासून माझ्यापर्यंत सगळ्यांना तू, पण कुजक्या खोडावर छत्री दिसली की वाकून, "वा! केव्हा आल्या?"

सौंदडच्या शाळेत मी नोकरीला लागलो तेव्हा ते माझे शेजारी. रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले, घरात एकटेच. पावसाळाभर तळ्याकाठी, जंगलात हिंडायचे आणि आणलेलं वाळवून बरणीत भरायचे. बरणीवर चिठ्ठी: 'मोहाखाली. वास ओल्या घोंगड्याचा. स्वभाव हट्टी.'

"काका, अळंबीला कसला स्वभाव?"

"तुले दिसत नाही म्हणून काय नाही का?"

बरणीला कुणी बोट लावलं की ओरडत, "हात नोको लावू! नमुना होये तो!"

एका श्रावणात आम्ही अर्जुनीहून एकाच मोटारीनं परतत होतो. काका प्रतापगडच्या जंगलातून आलेले. मांडीवर टोपली, तीत सात्या, म्हणजे वारुळावर उगवणारी पांढरीशुभ्र अळंबी. एकेक ताटाएवढी.

कंडक्टर म्हणाला, "काका, टोपली टपावर ठेवा."

"हे टपावर जातीन तं मीबी टपावरच बसतो."

आणि बसले! वाटेत पाऊस कोसळला. सौंदडला उतरले तेव्हा काकांच्या धोतरातून पाणी गळत होतं. छत्री टोपलीवर होती. सात्या कोरड्या ठाक.

आता हे धन थेट बरणीत जाणार, असं मी धरून चाललो. पण कपडे बदलून काका आमच्याच दारात.

"बाई," ते माझ्या बायकोला म्हणाले, "हे शिजवून दे."

"नमुना ना तो?" मी विचारलं.

"नमुना गेला खड्ड्यात." ते उंबऱ्याकडे पाहत राहिले. "जानकी दर पावसाळ्यात म्हणे, एकडाव तरी खायले आना जी. मी बरणीतच घालत राहिलो. आज तिची तिथ होये."

आम्ही गावात येण्याआधीच त्यांची बायको वारली होती. तिचं नाव मी प्रथमच ऐकलं.

हिनं भात टाकला, सात्यांची रस्सेदार भाजी केली. काकांनी पळसाच्या पानावर स्वतः वाढलं.

"तुम्हीही घ्या ना," ही म्हणाली.

"पयले तिले."

पाऊस उघडला होता. काकांनी परसात पान ठेवलं आणि कावळ्याची वाट पाहत पायरीवर बसून राहिले.