गाडग्यातलं इंग्रजी

सन दोन हजार अकराच्या पौषात, थंडी ऐन भरात असताना, धामणखेडच्या शाळेत मुलांचं इंग्रजी गाडगं तिरपं करून तपासत असत. ओघळलं तर मूल शिकाऊ. जागचं हललं नाही तर इंग्रजी लागलं, मूल तयार.

पद्धत साधी होती. शाळेत दिवसभर कानावर पडलेलं इंग्रजी मुलानं संध्याकाळी घरच्या गाडग्यात बोलायचं आणि वर झाकण ठेवायचं. शनिवारी गाडगं शाळेत न्यायचं. तिथे हेडसर, इंग्रजीच्या मॅडम आणि समितीचा एक सभासद टेबलामागे बसत. ज्याचं लागलं तो आतल्या वर्गात जाई. ज्याचं लागलं नाही तो पडवीत बसे. पडवीत फक्त इंग्रजी. गणित नाही, विज्ञान नाही. इंग्रजी लागण्याआधी या गोष्टी मुलांना पचत नाहीत, असं शाळेचं म्हणणं होतं.

सटवाजी बोडख्याची नात ऋतुजा, घरची रुतू, पडवीतच मोठी होत चालली होती. सटवाजीने जन्मभर गावात पिठाची गिरणी चालवली होती. पोरीचे आईबाप पुण्याला कारखान्यात कामाला, म्हणून गाडगं घेऊन शनिवारी त्यालाच जावं लागे.

त्या शनिवारी हेडसरांनी गाडगं उचलून तिरपं केलं. इंग्रजी काठावरून ओघळून त्यांच्या बाहीवर आलं. मॅडमनी आत पेन्सिल घालून ढवळलं, पेन्सिल वर काढून धार पाहिली.

"पातळ," त्या म्हणाल्या.

"पोरगी समोर उभी आहे," सटवाजी म्हणाला. "काय विचारायचं ते तिला विचारा."

"मुलांना विचारायची पद्धत नाही, काका."

तेव्हा रुतूने इंग्रजीत सांगितलं की तिला विचारलं तर बरं होईल, कारण दवाखान्यातले कागद, बँकेतली पत्रं, खताच्या पोत्यावरचा मजकूर हे सगळं आजोबांना तीच वाचून दाखवते. मॅडमनी तिला इंग्रजीतच गप्प बसायला सांगितलं. रुतू गप्प बसली.

"बघा! कळलं की तिला!" सटवाजीने टेबलावर हात आपटला.

"कळणं वेगळं आणि लागणं वेगळं," हेडसर बाही पुसत म्हणाले. "मागच्या शनिवारी कडेला जरा धरलं होतं. आज तेही नाही."

"धरलं होतं तर ढवळलं कशाला?"

"ढवळल्याशिवाय धरलंय हे आम्हाला कळणार कसं?"

यावर सटवाजी जास्तच तापला. समितीच्या सभासदाने घड्याळ पाहिलं.

"विरजण कुणाचं घातलंय?" मॅडमनी विचारलं.

"कुणाचं नाही. आमच्या घरात मागायची रीत नाही."

"मग लागणार कसं? आणि हे बघा, संक्रांतीच्या आधीच्या शनिवारी शेवटची तपासणी. त्यानंतर आतल्या वर्गातली नावं पक्की होतात. राहिली ती मुलं पडवीतच सातवी होतात."

घरी येताना रुतू पुढे चालत होती, गाडगं सटवाजीच्या हातात होतं.

"आजोबा, आत एक यंत्र आहे. कापडाखाली झाकलेलं असतं. त्यात कांद्याचा पापुद्रा भिंतीसारखा दिसतो. विटाच विटा."

"तू कधी पाहिलास?"

"खिडकीतून नुसतं यंत्र दिसतं. विटा तुषारने सांगितल्या."

तुषार हा शेजारच्या सुंदराबाईचा नातू. त्याचं इंग्रजी दिवाळीच्या आधीच लागलं होतं, चमचा उभा राहील इतकं घट्ट. आसपास तेवढं एकच घर होतं जिथलं विरजण घ्यावं. आणि त्याच घराशी सटवाजीचा व्यवहार बंद होता.

गोष्ट जुनी होती. सटवाजीची बायको सोनाबाई हिने एकदा सुंदराबाईकडून चमचाभर दही विरजणाला आणलं होतं. ते परत करायच्या आत एका संध्याकाळी घरी व्याही आले, म्हणून ती पुन्हा गेली. सुंदराबाई म्हणाली, दिवे लागले, आता विरजण देत नाहीत. त्यात गैर काही नव्हतं. दिवेलागणीनंतर विरजण कुणीच देत नाही. पण दुसऱ्या दिवशी व्याह्यांच्या पानात दही नव्हतं आणि सटवाजीची मान खाली गेली. त्याने सांगून टाकलं, त्या घरचं काही आणायचं नाही आणि त्या घरी काही न्यायचं नाही. त्यामुळे आधीचा चमचाही राहिला. सोनाबाई शेवटच्या आजारात म्हणाली होती, "बाकी काही नाही, सुंदराचं विरजण तेवढं राहिलं." सटवाजीने तेव्हा तोंड फिरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो वाटी घेऊन सुंदराबाईच्या दारात उभा राहिला. ती उन्हात बसून तीळ पाखडत होती.

"कोण, भावजी? वाट चुकलात का काय?"

"दिवे लागायला अवकाश आहे म्हणून आलो."

सुंदराबाई इतकी हसली की सुपातले तीळ अंगणात सांडले. "अजून धरून बसलाय तेच? बोला, काय पाहिजे?"

"विरजण."

"दह्याचं?"

"इंग्रजीचं."

"मागायला लई वर्षं लावलीत हो."

"मागत नाही, वहिनी. उसनं नेतोय. फेडीन."

"पहिलं कुठं फेडलंय?"

सटवाजीने वाटी पुढे केली. सुंदराबाई आत गेली, तुषारच्या गाडग्यातलं चमचाभर इंग्रजी वाटीत घेऊन आली आणि वाटी त्याच्या हातात देण्याआधी थांबली.

"रोज झाकण काढून बघता का?"

"बघतो. सकाळी बघतो, संध्याकाळी बघतो."

"मग मास्तरात आणि तुमच्यात फरक काय? मास्तर पगार घेऊन ढवळतात, तुम्ही फुकट. घोंगड्यात गुंडाळा, ज्वारीच्या कणगीत ठेवा आणि विसरा. थंडीचे दिवस आहेत, वेळ लागणार. त्यात नवीन काही ओतायचं नाही."

सटवाजीने तसंच केलं. रोजचं इंग्रजी रुतूने त्या दिवसांत स्वतःजवळच ठेवलं.

शनिवारी गाडगं शाळेत गेलं नाही. दुपारी शिपाई रामकिसन दारात आला.

"काका, गाडगं द्या. साहेब म्हणतात, नुसतं तिरपं करून परत देतो."

सटवाजी कणगीला पाठ लावून बसला होता. "लागेपर्यंत मिळणार नाही."

"लागलंय का नाही ते बघायलाच तर नेतोय."

"म्हणूनच देत नाही."

"गैरहजेरी लागेल हो गाडग्याची."

"लाव. पोरगी हजर आहे ना शाळेत? रोज जाते ना? तिच्याकडं बघायला तुम्हाला डोळे नाहीत आणि मडक्याची हजेरी घेता! सांग तुझ्या साहेबाला, सटवाजी बोडखे कणगीपासून उठत नाही म्हणून."

रामकिसनने निरोप जसाच्या तसा पोचवला. शाळेने गाडग्याची गैरहजेरी मांडली.

झाकण काढायला सटवाजीचे हात शिवशिवत. मग तो उठून गिरणीच्या बंद दारापाशी जाऊन बसे.

संक्रांतीच्या आधीच्या शनिवारी त्याने घोंगडं सोडलं नाही, तसंच गाडगं छातीशी धरून चालत नेलं. सायकलवर बस म्हणणाऱ्याला त्याने हाकलून लावलं. शाळेत हेडसरांनी झाकण काढलं, गाडगं तिरपं केलं. इंग्रजी हललं नाही. अजून तिरपं केलं. मग पालथं धरलं. टेबलावर थेंब पडला नाही.

मॅडमनी पेन्सिल उचलली. सटवाजीने ती त्यांच्या हातातून काढून घेतली आणि टेबलावर ठेवली.

"लागलंय," सभासद म्हणाला.

"लागलंय हे खरं," हेडसर म्हणाले, "पण विरजण कुणाचं?"

"सुंदराबाईच्या तुषारचं."

"म्हणजे हे इंग्रजी तुषारचं झालं, काका. त्याचं तर आधीच मोजलं गेलंय. एकच इंग्रजी दोन मुलांच्या नावावर कसं लावायचं?"

सटवाजीचा आवाज चढला. पडवीतली सगळी मुलं ऐकू लागली.

"विरजण नाही म्हणून पोरीला पडवीत बसवलंत. विरजण आणलं तर म्हणता दुसऱ्याचं. साहेब, तुमचं इंग्रजी कुणाच्या विरजणाचं? आईच्या पोटातून लागून आलं होतं?"

हेडसरांनी गाडगं टेबलावर सरळ ठेवलं.

"आमच्या थोरल्या मामांचं," ते म्हणाले. "औशाहून आणलं होतं. डब्यात."

"फेडलं?"

हेडसरांनी वही ओढली. त्यांनी रुतूचं नाव आतल्या वर्गात घातलं. नियमाप्रमाणे गाडगं महिनाभर देखरेखीसाठी शाळेतच ठेवावं लागेल, असं मॅडमनी सांगितलं, कारण लागलेलं इंग्रजी नंतर आंबतं का हेही पाहायचं असतं.

"ठेवा," सटवाजी म्हणाला. "पण आधी मला चमचाभर पाहिजे."

"कमी भरेल मग."

"भरू द्या."

त्याने खिशातली वाटी काढली. रुतू दप्तर उचलून आत गेली. दारात तिने मागे पाहिलं नाही, ती थेट त्या कापडाकडे गेली.

सटवाजी घरी आला. आदल्या सकाळी त्याने जन्मात पहिल्यांदा स्वतः दूध विरजून ठेवलं होतं. विरजण बाजारातून विकत आणलं होतं. दही बरं लागलं होतं. ते त्याने दुसऱ्या वाटीत काढलं, चमच्यावर शीग येईल इतकं. सूर्य अजून लिंबाच्या वर होता. दोन्ही वाट्या घेऊन तो शेजारच्या ओट्यावर चढला.

"ही रुतूची," तो म्हणाला. "आणि ही सोनाबाईची."

सुंदराबाईने दोन्ही वाट्या आत नेल्या, रिकाम्या करून धुतल्या, प्रत्येकीत एकेक तिळाचा लाडू ठेवला आणि बाहेर आणून त्याच्या हातात दिल्या.

"फिटलं?" सटवाजीने विचारलं.

"फिटलं."