कुशाबाईंचा ऑनलाइन मृत्यू

स्वरूपानं आरोग्य खात्याच्या बारामतीतल्या मीटिंगमध्ये छातीठोकपणे सांगितलं, "सर, माझा कोर्स बघताना एकाही सिस्टरला जांभई आली, तर मी नोकरी सोडते!" बोलून गेली बिचारी. कंत्राटी माणसानं असं बोलू नये. तिचं कंत्राट तसंही मार्चमध्ये संपत होतं.

तिचा वैताग मात्र खोटा नव्हता. सिस्टरांचं ऑनलाइन प्रशिक्षण कसं चालतं ते तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवलेला, त्यात कुणी साहेब एका सुरात स्लाइडी वाचतायत, आणि सिस्टर कॅमेरा बंद करून भाकरी थापतायत. सर्टिफिकेट सगळ्यांना. तालुक्याचे आरोग्य अधिकारी राजवर्धन सर म्हणाले, "ठीक आहे. छातीत दुखणाऱ्या पेशंटवर कोर्स कर. बारामती-इंदापूरच्या सिस्टर परीक्षेत पास झाल्या, तर तो जिल्हाभर जाईल आणि तुझं कंत्राटही वाढेल." नापास झाल्या तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि हिनंही विचारलं नाही.

झालं, बाई पेटली. पेशंट खरी वाटायला हवी म्हणून तिनं जळोचीच्या घरातून थेट सासूलाच उभं केलं. कुशाबाईंनी आढेवेढे घेतले ते फक्त कुठलं लुगडं नेसायचं यावर. पण कॅमेरा चालू झाल्यावर त्यांनी छाती अशी काही आवळली, की शूटिंग करणारा त्यांचा मुलगा आणि हिचा नवरा सुयोग मोबाइल टाकून पाण्याचा तांब्या घेऊन धावला.

"आरं, नाटक हाय ते," त्या पडल्यापडल्याच म्हणाल्या. "घे आता परत पयल्यापासनं."

कोर्स खरोखर झकास झाला होता. पावलोपावली निर्णय सिस्टरनं घ्यायचा. ईसीजी काढायचा का, गोळी द्यायची का, ॲम्ब्युलन्स बोलवायची का? बरोबर आलं तर कुशाबाई उठून चहा पितात, चुकलं तर दगावतात. चूक मनाला लागली पाहिजे म्हणून स्वरूपानं शेवटी कुशाबाईंचा हार घातलेला फोटो टाकला आणि खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. नावही खरंच ठेवलं. एवढी शिकलेली बाई, पण इथं तिची अक्कल शेण खायला गेली.

सोमवारी सकाळी कोर्स सुरू झाला, संध्याकाळी परीक्षा होती. इंदापूरकडच्या प्रगती सिस्टरचा पहिलाच निर्णय चुकला. तिच्या मनाला ते इतकं लागलं की तिनं हारवाला फोटो उचलून स्टेटसला ठेवला. आता आपल्याकडं श्रद्धांजलीचा फोटो दिसला की माणूस चौकशी करत बसत नाही. आधी आपल्या स्टेटसला ठेवतो, उगाच मागं राहायला नको म्हणून. दुपारपर्यंत कुशाबाई दोन्ही तालुक्यांत वारल्या होत्या.

इकडं ऑफिसात स्वरूपा खुशीत होती. सिस्टरांमागून सिस्टर कोर्स उघडत होत्या. तेवढ्यात सुयोगचा फोन आला. "घरी ये. दारात जिपा लागल्यात."

झालं होतं असं. कुशाबाई अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांचा धाकटा भाऊ म्हस्कू इंदापुराहून आला तो तोंडाला टॉवेल लावून, हंबरडा फोडतच. भाऊ रडतोय म्हटल्यावर बहीण काय बसून राहते? कुशाबाईंनी सूप भिरकावलं, त्याच्या गळ्यात पडल्या आणि त्याच्यापेक्षा मोठ्यानं रडल्या. पोटभर रडून झाल्यावर त्यांनी विचारलं, "म्हस्कू, पर गेलं कोन रं?"

म्हस्कूनं टॉवेल बाजूला केला. "तू, आक्का," तो म्हणाला.

स्वरूपा पोचली तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. "मामा, ते ट्रेनिंग होतं," ती रडकुंडीला येऊन सांगायला लागली. पण म्हस्कूमामांचं दुखणं वेगळंच होतं. "ट्रेनिंग का असंना. मी सख्खा भाऊ. मला येक फोन न्हाय? स्टेटसवर कळावं व्हय मला?" सगळ्या पाहुण्यांनी माना हलवल्या. चूक घरच्यांचीच होती. तासाभरात हे गाऱ्हाणं सिस्टरांच्या ग्रुपवरही पोचलं.

मयतावर घालायला म्हणून म्हस्कूमामांनी माहेरचं लुगडं आणलं होतं. ते परत न्यायचं नसतं. कुशाबाईंनी पदर बोटांनी चाचपून पाहिला. "जित्ती हुते तवर येवढं भारी कंदी आनलं न्हाईस," त्या म्हणाल्या. मग दारात बसून कोण कोण आलं नाही ते बघायला लागल्या. शेजारची बनाबाई आली नव्हती. तो राग त्यांनी सुनेवर काढला.

स्वरूपा संध्याकाळपर्यंत आलेल्यांना चहा करत राहिली. आब्रू गेली, आता कंत्राट तरी राहू दे, एवढंच तिच्या मनात होतं. दिवेलागणीला राजवर्धन सरांचा फोन आला.

"कोर्स सगळ्यांनी पूर्ण केला. एकीनंही मध्येच सोडला नाही. आपल्याकडं असं कधी झालं नव्हतं."

तिच्या जिवात जीव आला. "आणि परीक्षा, सर?"

"सगळ्या नापास. छातीत कळ आली तर पहिलं काय कराल, यात चौथा पर्याय काय दिलायस तू?"

"'नातेवाइकांना कळवावे.' तो उगाच होता, सर. तो कोण निवडणार?"

"सगळ्यांनी निवडलाय. प्रगती सिस्टरनं ग्रुपवर कारणही लिहिलंय. म्हणे, कुशाबाईंच्या वेळी तेवढंच करायचं राहून गेलं होतं."