कॉलर पकडणाऱ्या सुनंदाताई

सुनंदाताई रेडकर भेटल्या की आधी तुमची कॉलर धरतात. भांडायला नव्हे, आतलं लेबल वाचायला.

"हलू नकोस रे! हे बघ, 'निसर्गस्नेही' लिहिलंय. कोणी सांगितलं? निसर्गाने?"

परळला आमच्या कपडे निर्यातीच्या ऑफिसात त्या पर्यावरणाच्या सर्टिफिकेटांचं काम बघतात, मी त्यांच्या हाताखाली. कापूस शेतातून निघाल्यापासून बाळाचं झबलं शिवून होईपर्यंत कुठे विषारी रंग लागला नाही, रंगाचं पाणी तसंच गटारात सोडलं नाही, हे सिद्ध झालं तरच परदेशी गिऱ्हाईक माल उचलतं.

हे वेड ऑफिसात ठेवतील तर त्या सुनंदाताई कसल्या! आमच्या अकाउंट्समधल्या मुलाचं दादरला लग्न होतं. ताईंनी नवरदेवाच्या शेरवानीची कॉलर उलटी केली. "प्युअर सिल्क? ठिणगी पडली तर वितळेल हे!" बिचारा अख्खा होम अंग चोरून बसला होता.

यंदा पहिल्यांदाच आम्ही बाळांच्या कपड्यांसाठी सेंद्रिय कापसाच्या लेबलाला अर्ज केला. तपासणीला एक कडक बाई आल्या. त्यांनी लालबागचा शिलाईचा गाळा पाहिला, कापड पाहिलं, रंग पाहिले. सगळं झकास! मालक चहा सांगणार इतक्यात ताई म्हणाल्या, "मॅडम, लंगोटांचं इलास्टिक राहिलं. त्याचा पुरावा आमच्याकडे नाही."

मालकांनी डोळे वटारले. "सुनंदा, त्यांनी विचारलं का?"

"बाळाच्या पोटाला ते घासणार ना सर? बाळ काय विचारणार?"

लेबल हुकून परदेशी ऑर्डर गेली तर गाळ्यातल्या मशिनी बंद पडणार होत्या. तपासणीच्या बाईंनी ते लिहून घेतलं आणि त्या गेल्या. ताईंनी दुसऱ्या दिवसापासून इलास्टिकवाल्यांचा पिच्छा पुरवला, पुरावा असलेलं इलास्टिक मिळवलं, लंगोट उसवून पुन्हा शिवून घेतले आणि पुरावा बाईंना पाठवला.

आणि गेल्या शुक्रवारी दुपारी ईमेल आला. मंजूर! मी ओरडलोच. गाळ्यातल्या बायका फोनवर किंचाळत होत्या, मालक स्वतः पेढे वाटत होते. जो तो घरी फोन लावत होता.

ताई मात्र पेढा हातात धरून खिडकीपाशी उभ्या. मग माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "तुझ्या आईला फोन लावतोस? मलापण कोणाला तरी सांगायचंय रे."

मी घोडपदेवला आईला फोन लावून दिला. तिने ताईंना कधी पाहिलेलं नव्हतं.

"आई, मी सुनंदा, ह्याच्या ऑफिसातली. आपल्याला लेबल मिळालं!"

आईला लेबल म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. पण तिचा मालवणी आवाज फोनबाहेर ऐकू आला, "अगो बाय माझ्या! मगे आज जेवकच ये. बांगडे तळतंय."

ताईंनी पदर सारखा केला आणि विचारलं, "येताना काय आणू?"